तिसरं काडतूस

१

सोमवारी दुकान उघडलं की मेलिके आधी शेगडी पेटवायची, तिच्यावर चहाची किटली चढवायची आणि मग बाकावरच्या बंदुकांना एकेक कार्ड बांधायची. कार्डावर तीन रकाने: तक्रार, दोष, उपाय. कोन्या शहरातल्या कॉलेजातून यंत्रांची पदवी घेऊन आल्यावर तिने दुकानात केलेली ही एकमेव सुधारणा, आणि तिचे वडील साबरी उस्ता तिच्यावर दोन वर्षं हसत होते.

"बंदूक काय सरकारी कचेरीत अर्ज घेऊन आली आहे?" ते म्हणायचे.

"तुमच्या डोक्यातलं कागदावर आलं असतं तर मला अर्ज करावे लागले नसते," ती म्हणायची.

सरोवराच्या वर, डोंगराला टेकलेल्या त्या गावात जवळजवळ प्रत्येक घरात लेथ होता. बाकीचं गाव नव्या बंदुका बनवायचं. बिघडलेल्या साबरी उस्तांकडे यायच्या. दुरुस्त झालेल्या प्रत्येक बंदुकीच्या पुढच्या लाकडाखाली उस्ता आपला बारीक शिक्का ठोकायचे. गावात शिक्का असलेला तो कारागीर, नसलेला तो हाताखालचा. मेलिके दोन वर्षं शिक्का मागत होती. उस्ता दोन वर्षं म्हणत होते, "बघू."

त्या सोमवारी रासिम आला. घोंगडीत गुंडाळलेली बंदूक त्याने बाकावर ठेवली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला.

"याकुबची आहे," तो म्हणाला.

उस्तांनी हातातली कानस खाली ठेवली. याकुब रासिमचा थोरला भाऊ. एकोणीस दिवसांपूर्वी दोघे बदकांच्या शिकारीला बोटीतून सरोवरात गेले होते आणि रासिम एकटाच परत आला होता. याकुबचा पाय घसरला, थंड पाण्याने छाती धरली, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. नोव्हेंबरात ते सरोवर दरवर्षी कुणाला ना कुणाला नेतंच.

"अल्ला त्याला जागा देवो," उस्ता म्हणाले. "पण चाळिसावा होऊ दे, रासिम. गेलेल्याची बंदूक तोवर भिंतीकडे तोंड करून टांगायची असते. उघडायची नसते."

"आणि चाळिसाव्या दिवशी स्प्रिंग आपणहून ताठ होते का, बाबा?" मेलिकेने विचारलं.

रासिम हसला. उस्ता हसले नाहीत.

"रविवारी शिकारीला जायचंय, उस्ता," रासिम म्हणाला. "तिघांकडे फिरून आलो. तिघांनी परत केली. दोन काडतुसं सुटतात, तिसरं अडतं. दर वेळी तिसरंच."

"मी करते," मेलिके म्हणाली.

"तिघांना जमलं नाही ते हिला जमणार!" उस्ता चिडून रासिमलाच म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "जमव. जमवलंस तर तुझ्या नावाचा शिक्का पाडून देतो. नाही जमलं तर शिक्क्याचं नाव काढायचं नाही."

"रासिम आबी, तुम्ही साक्षीदार," थोरल्या भावाला म्हणावं तसं आबी म्हणत तिने बंदूक उचललीसुद्धा.

दुकानात तपासणीसाठी पितळेची खोटी काडतुसं होती, उस्तांनी स्वतः लेथवर काढलेली. एक तिने नळीच्या मुळाशी कोठीत घातलं, दोन खालच्या पोटनळीत, आणि नळीमागचा सरकता बोल्ट ओढत गेली. पहिलं बाहेर पडलं. दुसरं. तिसरंही, लोण्यातून सुरी जावी तसं.

"अगं तोंड!" उस्ता ओरडले. "तोंड पिंपाकडे!"

बाकाच्या टोकाला वाळूचं पिंप होतं. बंदूक रिकामी असो, मोडकी असो, नुसती नळी असो, तिचं तोंड त्या पिंपाकडेच हवं. घाईत मेलिकेने ते दाराकडे, म्हणजे थेट रासिमच्या छातीवर धरलं होतं. तिने जीभ चावली, बंदूक पिंपाकडे वळवली, काडतुसं पुन्हा भरली.

पहिलं. दुसरं. तिसऱ्याला बोल्ट बोटभर अंतरावर थांबला.

"बघ," रासिम म्हणाला. "डॉक्टरला पाहून दात दुखायचा राहतो, तसं झालं मघाशी. आता आली वळणावर."

२

या जातीच्या बंदुकीत न कळण्यासारखं काही नसतं. पोटनळीतली लांब स्प्रिंग काडतुसांना मागे रेटते. एक खिट्टी त्यांना अडवून धरते आणि गोळी उडाली की एकच सोडते. सुटलेलं काडतूस एका पट्टीवर येतं. गावात त्या पट्टीला चमचा म्हणतात, कारण ती घास भरवल्यासारखं काडतूस वर उचलते. मग बोल्ट पुढे येतो आणि त्याला कोठीत ढकलतो. खिट्टी, चमचा, बोल्ट. यातलं एक चुकलं की अडतं.

खिट्टी सुटली की खट्ट असा आवाज होतो. त्या गावातली मुलं बोलायच्या आधी तो ओळखायला शिकतात.

मंगळवारी मेलिकेने बंदूक पूर्ण खोलली. स्प्रिंग मऊ वाटली म्हणून बदलली. पोटनळीत काजळी होती ती घासून काढली. खिट्टीची कड भिंगाखाली पाहिली; झिजलेली नव्हती, तरी नवी बसवली. चमच्याचा कोन मोजला. कोठी आरशासारखी चकचकीत केली. कार्डावरचा उपायाचा रकाना भरला आणि ती मागच्या बाजूला लिहायला लागली.

तिसरं अडतच राहिलं.

बुधवारी तिला एक साधी गोष्ट सुचली. तीन घालून तिसरं अडतं, तर दोनच घालून पाहू. दोन सुटल्यावर आत काहीच नाही, म्हणून बोल्ट मागेच थांबायला हवा. रिकामी बंदूक उघडीच राहते, तशीच ती बनवलेली असते.

तिने दोन घातली. पहिलं बाहेर पडलं. दुसरं बाहेर पडलं.

खट्ट.

चमचा वर उचलला गेला. बोल्ट तिच्या हातातून निसटून पुढे गेला आणि बोटभर अंतरावर थांबला.

मेलिके त्या फटीकडे बघत राहिली. मग तिने बॅटरी घेतली आणि आत पाहिलं. चमच्यावर काही नव्हतं. कोठीत काही नव्हतं. तिने बोल्ट दाबला. तो हलला नाही. लोखंडाला लोखंड भिडतं तेव्हा हाताला ठणका बसतो. इथे तसा बसला नाही. मध्ये काहीतरी होतं, किंचित मऊ.

'नवी खिट्टी अजून रुळली नाही, खोटी सुटते आहे,' असं तिने स्वतःला सांगितलं. चमचा का उचलला गेला, याचंही तिने काहीतरी उत्तर काढलं. बोल्ट कशावर अडला, त्याचं मात्र उत्तर निघेना.

३

ज्याचा आकार दिसत नाही त्याला वजन तरी असतं, हे तिला कॉलेजने शिकवलं होतं. गुरुवारी सकाळी तिने बंदुकीचा तुकडा न् तुकडा वेगळा करून काट्यावर ठेवला. स्क्रूसुद्धा. बेरीज केली: तीन किलो ऐंशी ग्रॅम. मग बंदूक जोडून अख्खी काट्यावर ठेवली.

तीन किलो एकशे पंचवीस.

काटा खोटा असेल म्हणून तिने साखरेची किलोची पिशवी ठेवून पाहिली. बरोबर किलो. बंदूक परत खोलली, परत जोडली. तुकड्यांत असताना ऐंशी, जोडल्यावर एकशे पंचवीस. पंचेचाळीस ग्रॅम कुठून यायचे ते कळेना. टेबलावर खऱ्या काडतुसांचा एक खोका होता. मेलिकेने त्यातलं एक उचलून काट्यावर ठेवलं. ते ठेवायच्या आधीच तिला आकडा ठाऊक होता आणि त्या ठाऊक असण्याचाच तिला राग आला.

"बाबा, हे बघा."

उस्तांनी आकडे बघितले. चष्मा काढून पुसला, परत बघितले. ते काही तरी टोमणा मारतील म्हणून ती वाट बघत होती. त्यांनी मारला नाही.

"बंदूक कुठे अडते ते सगळेच शोधतात," ते शेवटी म्हणाले. "का अडते ते कुणी विचारत नाही."

"हे तुमचं नेहमीचं. कोड्यात बोलायचं आणि चहा प्यायचा."

"मी मागितला चहा?"

दुपारी रासिम डोकावला. मेलिकेने त्याला बसवून ग्लास भरून दिला आणि आडवळण न घेता विचारलं, "रासिम आबी, त्या दिवशी बोटीत नेमकं काय झालं? दोष शोधायचा तर मला कळायला हवं."

"काय व्हायचंय? बदकं उठली. याकुबने दोन उडवली. तिसरं अडलं, नाहीतर..." तो थांबला. त्याने साखरेचा खडा ग्लासात टाकला, चमच्याने ढवळला, ढवळतच राहिला.

"नाहीतर काय?"

"नाहीतर आणखी एक बदक मिळालं असतं."

"तुम्ही कुठे होता?"

"बोटीच्या पुढच्या टोकाला."

"आणि ते?"

"मागे."

"म्हणजे तुम्ही त्यांच्या पुढ्यात होता."

उस्ता खोकले. तो खोकला मेलिकेसाठी होता हे तिला कळलं आणि तिने तो ऐकला नाही. रासिमने मात्र ऐकला. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला.

"मी एकोणीस, वीस, किती दिवस झाले ते, नीट झोपलेलो नाही, पोरी," तो दारातून म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "ती घरात होती तेव्हा भिंतीवर वाजायची. अडलेलं काही घरात असलं की असंच होतं. ते तिसरं एकदा बाहेर पडू दे. मग मी झोपेन."

४

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी त्या गावातले सगळे लेथ एकदम थांबतात. जन्मापासून त्या घरघरीत राहिलेल्यांना ती शांतता कानात पाणी गेल्यासारखी वाटते. उस्ता मशिदीत गेले. मेलिके दुकानात एकटी होती. एकटीने काम करायला तिला आवडायचं. निदान त्या दिवसापर्यंत आवडायचं.

तिने नवं कार्ड घेतलं. दोष कधी दिसतो हे पुष्कळ झालं, तो कधी दिसत नाही ते पाहू, असं तिने ठरवलं. आतापर्यंत तिसरं एकदाच बिनबोभाट सुटलं होतं, सोमवारी, दाराकडे तोंड असताना. तेव्हा कदाचित कलण्याचा, उताराचा प्रश्न असेल. काडतूस न घालता, रिकामीच बंदूक वर, खाली, डावीकडे, उजवीकडे धरून बघायची. मुलंसुद्धा करतील इतकं सोपं.

पिंपाकडे: अडलं. छताकडे: अडलं. जमिनीकडे: अडलं. दाराकडे, सोमवारी होती अगदी तशीच, तीच फरशी, तोच कोन: अडलं. खुर्ची रिकामी होती.

मग खिडकी. खिडकीतून रस्ता दिसायचा, रस्त्यापलीकडे दगडी पाणपोई, आणि तिथे उशिरा आलेला एक माणूस बाह्या सरसावून हातपाय धूत होता. मेलिकेचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तिने बंदूक खिडकीकडे वळवली आणि बोल्ट ओढला.

खट्ट. चमचा. बोल्ट सरकत गेला आणि पूर्ण बंद झाला. मांजराने पाऊल टाकावं इतका अलगद.

तेव्हा तिने वर पाहिलं. पाणपोईवरचा माणूस रासिम होता.

तिने बंदूक झटकन खाली घेतली. बोल्ट उघडला. आतून काही पडलं नाही. 'योगायोग,' ती मोठ्याने म्हणाली, आणि त्या शांततेत तिला आपला आवाज परका वाटला. योगायोग तपासायचा तर प्रयोग परत करायला हवा. ही तिची शिकवण होती आणि तिच्यापाशी दुसरी कुठली नव्हती.

रासिम मान पुसत उठला आणि मशिदीच्या दिशेने चालू लागला. मेलिकेने बंदूक उचलली. तो निघून गेला त्या पाणपोईकडे धरली: अडलं. चालणाऱ्या माणसाकडे धरली: बोल्ट सरकत बंद झाला. त्याच्या दोन हात पुढे: अडलं. त्याच्या पाठीवर: बंद.

तो कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला. त्यानंतरही भिंतीपलीकडे तो कुठे चालत असेल त्या अंदाजाने ती नळी हळूहळू फिरवत राहिली आणि बोल्ट बंद होत राहिला. मग एका क्षणी तिच्या लक्षात आलं की बोल्ट ती ओढत नाही. तिचा हात दस्त्यावर होता.

तिने बंदूक बाकावर ठेवली, पिंपाकडे तोंड करून, आणि दाराला टेकून उभी राहिली. तिघे कारागीर, आणि स्वतः रासिम. यातल्या कुणालाही ही बंदूक चालताना दिसणं शक्य नव्हतं. कारागीर तोंड पिंपाकडेच धरतात, आणि माणूस आपल्या बंदुकीच्या नेहमी मागेच असतो.

मशिदीतून माणसं बाहेर पडल्याचा गलका आला. पहिला लेथ सुरू झाला, मग दुसरा. आयुष्यात पहिल्यांदाच मेलिकेला त्या कर्कश घरघरीचा आधार वाटला.

५

शनिवारी सकाळी उस्तांनी खिशातून एक फडकं काढलं आणि बाकाच्या कोपऱ्यावर ठेवलं. ते उलगडायची गरज नव्हती. आतल्या लोखंडाचा आकार फडक्यातून दिसत होता.

"पाडून घेतला," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "जमलं की नाही ते तू सांग. मी विचारणार नाही."

दोन वर्षं जिच्यासाठी भांडली ती वस्तू हातभर अंतरावर होती. 'जमलं' एवढा एक शब्द पुरला असता, आणि तो खोटाही नव्हता. काल बोल्ट कितीतरी वेळा बंद झाला होता.

रासिम आला तो उभ्याउभ्याच म्हणाला, "उद्या पहाटे निघायचंय. झाली?"

"नाही झाली, रासिम आबी," मेलिके म्हणाली. "चाळिसाव्यानंतर या."

उस्तांनी तिच्याकडे चमकून बघितलं. रासिमचे डोळे लाल होते आणि तो आणखी बारीक झाला होता.

"चाळिसावा? तू म्हणतेस हे? सोमवारी तर बापाची टिंगल करत होतीस."

"करत होते. चुकले."

"पोरीच्या हातात दिली तिथेच चुकलं," तो उस्तांना म्हणाला. "आण इकडे. मी बघतो."

बंदूक बोल्ट उघडा ठेवून बाकावर आडवी होती. मेलिके काही बोलायच्या आत रासिमने नळी पकडली, बंदूक आपल्याकडे फिरवली आणि त्या गावातला प्रत्येक माणूस करतो तेच केलं. नळी आतून साफ आहे का, तिच्यात उजेड कसा पडतो, हे बघायला तो वाकला आणि त्याने डोळा नळीच्या तोंडाला लावला. दस्ता मेलिकेच्या बाजूला आला.

खट्ट.

बंदुकीला कुणाचाही हात लागलेला नव्हता, फक्त नळीला. मेलिकेने विचार केला नाही. विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा नव्हता. चमचा उचलला जाताना तिला दिसला, बोल्ट सुटताना दिसला, आणि तिने उजव्या हाताचं बोट त्या बोटभर फटीत खुपसलं.

बोल्ट बसण्याआधीचा एक क्षण तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिला. त्या क्षणी बोटाखाली काहीतरी होतं. गोल, गुळगुळीत, कडेला धातूची धार. आणि थंड. शेगडीने तापलेल्या दुकानातल्या लोखंडासारखं नाही, सरोवराच्या तळासारखं थंड, आणि ओलं.

मग बोल्ट आदळला आणि ती किंचाळली.

उस्तांनी रासिमला खांदा धरून मागे खेचलं. बंदूक बाकावर पडली. रासिम काहीच न कळून बघत होता.

"बोट कशाला घातलंस? रिकामी होती ना?"

मेलिके दात आवळून बोट सोडवत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा, रासिम आबी. रिकामी होती?"

रासिमच्या तोंडावरचा रंग उतरला. तो तसाच उलट्या पावलांनी दारापर्यंत गेला, आणि दार ओलांडल्यावर पळाला नाही एवढंच.

६

उस्तांनी बोट धुतलं, हाड शाबूत आहे का ते दाबून पाहिलं आणि पट्टी बांधायला घेतली. मग थांबले. त्यांनी तिचा हात खिडकीजवळ उजेडात नेला.

बोटाच्या वरच्या बाजूला, नखावर, बोल्टची चौकोनी खूण होती. ती असायलाच हवी होती. बोटाच्या पोटाकडे, जिथे मोकळी हवा होती तिथे, एक पूर्ण गोल उमटला होता. त्याच्या आत आणखी एक लहान गोल. आणि दोघांच्या मधल्या कडेवर, आरशात दिसावा तसा उलटा, बाराचा आकडा. प्रत्येक बारा नंबरच्या काडतुसाच्या बुडाला तो असतो.

उस्तांनी पट्टी गुंडाळली. बाकावरचं फडकं उचलून तिच्या डाव्या हातात दिलं आणि चहा टाकायला गेले. स्वतःच्या हाताने, दोन वर्षांत पहिल्यांदा.

मेलिकेने शिक्का बंदुकीवर मारला नाही. तिने कार्ड घेतलं. तक्रार: तिसरं अडतं. दोष: इथे तिने रेघ मारली. उपाय: डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात तिने लिहिलं, 'अडू द्यावं.'

बंदूक टांगायची कुठल्या भिंतीवर यावर दोघांनी बराच वेळ खल केला. एका भिंतीपलीकडे रस्ता होता, दुसरीपलीकडे चहाचं दुकान, जिथे रासिम संध्याकाळी बसायचा. मागच्या भिंतीपलीकडे फक्त डोंगर होता, खडक आणि झुडपं. उस्तांनी तिथे दोन खिळे ठोकले आणि बंदूक भिंतीकडे तोंड करून टांगली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी लेथ थांबले. मेलिके एकटीच होती, सुजलेलं बोट छातीशी धरून कार्डं लावत होती. रासिम रविवारी शिकारीला गेला नव्हता, मशिदीतही दिसला नव्हता, असं सकाळी कुणीतरी म्हणालं होतं.

खट्ट.

तिने मागचं दार उघडून डोंगराकडे पाहिलं. चढावर खूप दूर, मुंगीएवढा, एक माणूस लाकडं गोळा करत होता. वाकायचा, उठायचा, दोन पावलं सरकायचा. इतक्या लांबून तो कोण हे सांगणं शक्य नव्हतं.

भिंतीवर नळीचं टोक अगदी हळू, त्याच्याबरोबर, दोन पावलं सरकलं.

मेलिके आत आली. दार लावलं. भिंतीशी जाऊन तिने डाव्या हाताची दोन बोटं त्या फटीत घातली, थंड गोलावर घट्ट टेकवली आणि लेथ सुरू व्हायची वाट बघत उभी राहिली. चाळिसाव्याला अजून दहा दिवस होते.